वई, धुरा, बांध : जिवंत कुंपणाविषयी वाचकांचे प्रश्न

कोकणात वई, विदर्भात धुरा, देशावर बांध. शेताच्या कडेच्या या पट्टीवर वाढणाऱ्या झाडाझुडपांबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बरेचसे प्रश्न फिरून एकाच जागी येतात: कुंपणाचा बुडखा. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचा भाग दाट असेल तर कुंपण गुरं अडवतं, माती धरतं आणि पाखरांना जागा देतं. तोच विरळ झाला तर वरून कितीही हिरवं दिसलं तरी खालून सगळं आरपार जातं.

प्रश्न : शेताच्या पश्चिमेला १०० मीटर लांबीचा बांध आहे. तारा न ओढता काटेरी झाडांचं कुंपण करायचं आहे. पाऊस बेताचा, जमीन मुरमाड. कोणती झाडं, किती आणि कशी लावावीत? (संगमनेर तालुका)

एकाच जातीचं कुंपण करू नका. एक रोग किंवा एक कडक उन्हाळा सगळी ओळ घेऊन जातो. शिवाय एकाच जातीला फुलं-फळं वर्षातले दोन-तीन महिनेच असतात, बाकीचे महिने पाखरांसाठी ते कुंपण उपाशीच. तुमच्या भागात करवंद, हेंकळ, बोर, तरवड आणि निर्गुडी ही पाच झाडं कमी पाण्यावर निभावतात. बोरं थंडीत येतात, करवंदं एप्रिल ते जून. तरवड पावसाळ्याच्या अखेरीपासून पुढे पिवळा राहतो आणि निर्गुडीच्या निळसर तुऱ्यांवर मधमाशा असतातच. तरवडाला आणि निर्गुडीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, हा आणखी फायदा.

दोन ओळी करा. ओळींत ४५ सेंमी आणि दोन रोपांत ६० सेंमी अंतर ठेवा. दुसऱ्या ओळीतलं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधोमध आलं पाहिजे. १०० मीटरला दोन्ही ओळी मिळून साधारण ३३५ रोपं लागतात: करवंद १३०, हेंकळ ७०, तरवड ६०, बोर ४० आणि निर्गुडी ३५. नांग्या, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला वर ३५ रोपं हाताशी असू द्या.

लावताना एक चूक फार होते. 'मिश्र' म्हणून एकाआड एक वेगळं रोप लावलं जातं. निर्गुडी आणि तरवड झपाट्याने वाढतात, करवंद पहिली दोन वर्षं जागेवरच बसल्यासारखं दिसतं. शेजारी निर्गुडी असली की करवंद सावलीत दबून मरतं. म्हणून एका जातीची पाच-सात रोपं सलग लावा, मग दुसरी जात. करवंद आणि हेंकळ शेजारी चालतात, दोन्ही सावकाश वाढणारी आहेत.

चर एप्रिल-मेमध्येच खणा: ७५ सेंमी रुंद, ४५ सेंमी खोल. महिनाभर उन्हात तापू द्या. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाका. भरताना वरची माती खाली जाऊ द्या. दर मीटरला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. १०० मीटरला साधारण एक ट्रॉली होते. कच्चं शेण टाकलंत तर वाळवी लागते आणि कोवळी मुळं तीच खाते. चर पूर्ण भरू नका, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटं खाली ठेवा म्हणजे पावसाचं पाणी तिथेच जिरेल.

रोपांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथेच बहुतेक कुंपणं फसतात.

करवंदाचं बी साठवून ठेवता येत नाही. पिकलेलं फळ चोळून बी काढा, धुऊन सावलीत सुकवा आणि आठवड्याच्या आत पिशवीत पेरा. गेल्या वर्षीचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका. या जूनमध्ये पेरलेलं रोप पुढच्या जूनमध्ये लावण्याजोगं होतं, म्हणजे तयारी एक वर्ष आधीपासून हवी. बोराचं मूळ सरळ खोल जातं आणि पिशवीत वाढवलं तर बुडाशी वेटोळं घेतं. ते जागेवरच लावावं: गावठी बोराच्या आठोळ्या पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका, बुडालेल्यांचं टणक कवच हलक्या हाताने फोडा आणि आतलं बी न दुखवता एका जागी तीन बिया पेरा. तरवडाच्या बिया उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवा, सकाळी फुगलेल्या तेवढ्या पेरा. निर्गुडीला बीही नको, रोपही नको. बोटाएवढ्या जाड, ३०-४० सेंमी लांब काड्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन-तृतीयांश जमिनीत जातील अशा खोचा. काडीचा खालचा काप तिरका आणि वरचा सपाट ठेवा. गर्दीत काडी उलटी लागली की ती फुटत नाही, आणि ही चूक नेहमी होते.

पहिली दोन वर्षं शेळ्यांपासून जपायचं. बाहेरच्या बाजूने बाभळीच्या वाळक्या काट्या रचा. पहिल्या उन्हाळ्यात दर रोपाला आठवड्याला चार-पाच लिटर पाणी द्या आणि बुडाशी वीतभर जाडीचं पाचट किंवा वाळलेलं गवत टाका.

रोपं जोम धरून कंबरेएवढी झाली की ती ३० सेंमीवर छाटा. हे करताना हात धजत नाही, पण हीच छाटणी बुडाशी फांद्या आणते. ती टाळली तर झाड वर पळतं, खाली नुसता सोट राहतो आणि त्यातून शेळी सहज आत शिरते. बोर आणि निर्गुडीला दुसऱ्या वर्षीच छाटता येईल, करवंदाला तिसरं वर्ष उजाडेल.

एवढं केल्यावर दर १५-२० मीटरला एखादं हिवर किंवा बाभळीचं झाड उंच वाढू द्या. खाटीक, कोतवाल, वेडा राघू या पाखरांना बसायला उंच जागा हवी असते. तिथूनच ते पिकावरचे किडे टिपतात. खाटीक तर पकडलेला नाकतोडा बाभळीच्या काट्यालाच अडकवून ठेवतो.

प्रश्न : आमच्या वईत शेर, मोगली एरंड आणि उंदीरमारीच जास्त आहे. ही झाडं परदेशी आहेत असं वाचलं. सगळी काढून देशी लावावीत का? (रत्नागिरी जिल्हा)

एका झटक्यात काढू नका. शेर आफ्रिकेतला, मोगली एरंड आणि उंदीरमारी, म्हणजे गिरीपुष्प, अमेरिकेतली, हे खरं. पण उभ्या वईत आज घरटी आहेत, तिच्यावर वेली आहेत, बुडाशी सरडे आणि बेडूक आहेत. वई आडवी केलीत तर नवी दाट व्हायला चार-पाच वर्षं जातील आणि तेवढ्या काळात मोकळ्या जागेत रानमोडी आणि घाणेरी ही तणं घुसतील.

गिरीपुष्प राहू द्या. जानेवारी ते मार्च त्याच्या गुलाबी फुलांवर सूर्यपक्षी आणि मधमाशा येतात. पाल्याचं हिरवळीचं खत भाताला उत्तम, आणि तोडलं की पुन्हा फुटतं. त्याचं बी पसरतं, म्हणून शेंगा वाळण्याआधी फांद्या तोडा.

मोगली एरंडाच्या बिया विषारी आहेत. मुलं त्या बदामासारख्या फोडून खातात आणि मग उलट्या-जुलाब सुरू होतात. घराजवळची, शाळेच्या वाटेवरची झाडं आधी काढा. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. तोडताना चष्मा आणि हातमोजे घालाच. चीक गेलाच तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५-२० मिनिटं डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. चोळू नका.

बदल करायचा तर दर वर्षी वईचा पाचवा हिस्सा घ्या. तेवढ्या भागात मे महिन्यात पांगाऱ्याचे मनगटाएवढे जाड, दीड-दोन मीटर लांब खुंट दोन-दोन मीटरवर रोवा आणि मध्ये करवंद, तोरण, निर्गुडी लावा. पांगारा फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण असताना फुलतो. त्या दिवसांत मैना, कोतवाल, बुलबुल, सूर्यपक्षी, सगळ्यांची त्यावर झुंबड असते. पाल्यावर गाठी येऊन पानं वेडीवाकडी होत असतील तर तो गाठी करणाऱ्या बारीक गांधीलमाशीचा उपद्रव आहे. अशा झाडाचे खुंट घेऊ नका, गाठी आलेली कोवळी फूट तोडून जाळा.

वेली तोडू नका, एवढं मात्र आवर्जून सांगतो. वाघाटी, कर्टुली, रानतोंडली, शतावरी, कावळी यांना चढायला वईच लागते. वाघाटीची फळं आषाढात तुम्ही खाता. तिच्या पानांवर पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या कितीतरी जातींचे सुरवंट वाढतात, आणि ती गेली तर त्यांचं खाणं जातं. कर्टुलीत नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात. फळ धरत नाही म्हणून नर वेल उपटून टाकतात आणि मग मादीलाही फळ येत नाही. श्रावणात कळलावी, म्हणजे तुमच्याकडचे गौरीचे हात, वईवरूनच वर डोकं काढते. तिचा कंद विषारी आहे, पण त्यासाठी खणून काढायची गरज नाही. मुलांना झाड ओळखायला शिकवा, पुरे.

प्रश्न : संत्र्याच्या बागेत दर वर्षी पिकत आलेल्या फळांना बारीक छिद्रं पडून ती गळतात. धुऱ्यावरच्या वेलींमुळे पतंग येतात असं शेजारी सांगतात. धुरा साफ करावा का? (अमरावती जिल्हा)

शेजाऱ्यांचं निम्मं बरोबर आहे. हा रस शोषणारा पतंग. फळाचं नुकसान प्रौढ पतंग करतो. तो रात्री येतो, टणक सोंडेने साल भोसकतो, रस घेतो. छिद्रातून बुरशी शिरते, भोवती गोल डाग पडतो आणि फळ गळतं. त्याचा सुरवंट मात्र संत्र्याला तोंडही लावत नाही. तो गुळवेल आणि वासनवेलीच्या पानांवर वाढतो. अंगावर डोळ्यांसारखे गोल ठिपके असलेला, हात लावला की डोकं खाली वाकवणारा सुरवंट दिसला तर तो हाच.

म्हणजे काढायच्या त्या या दोन वेली, आणि त्याही बागेभोवतीच्या धुऱ्यावरून. धुऱ्यावरची बोर, निर्गुडी, पळस, गवत यांचा या किडीशी संबंध नाही. अख्खा धुरा साफ केलात तर पाखरं, कोळी आणि परोपजीवी माशा जातील; पतंग उडून येणारा प्राणी आहे, तो दुसऱ्याच्या धुऱ्यावरून येईल.

गुळवेल काढण्याची रीत नीट समजून घ्या. नुसती बुडातून तोडली तर ती मरत नाही. वर लोंबकळणारा वेल सुतळीसारखी बारीक मुळं खाली सोडतो, ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभा. म्हणून जुलैमध्ये, सुरवंटांच्या पिढ्या वाढायच्या आत, सगळा वेल झाडावरून ओढून उतरवा. तुकडे ओल्या जमिनीवर टाकू नका, तेही रुजतात. कोरड्या खडकावर किंवा पत्र्यावर कडक वाळवा. औषधी म्हणून गुळवेलीला मागणी असते, त्यामुळे फेकायलाही लागणार नाही. बागेपासून दूरच्या झाडावरची गुळवेल राहू द्या, तिची लाल फळं पाखरं खातात.

सोबत गळालेली फळं रोज वेचून खोल पुरा. सडक्या फळाच्या वासावर पतंग लांबून येतात, आणि बहुतेक बागांत वेलीपेक्षा ढिलाई इथेच जास्त असते. संध्याकाळी सात ते दहा कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला तर त्या रात्रीपुरता फरक पडतो. वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला धूर करा.

प्रश्न : कुंपणामुळे किडी वाढतात आणि सावलीने पीक बसतं, म्हणून घरचे बांध मोकळा करा म्हणतात. त्यांना काय सांगू? (निफाड)

दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या आहेत. त्या नाकारू नका, हिशोब दाखवा.

सावली आणि मुळांमुळे कुंपणालगतच्या दोन-तीन ओळी कमी येतात. कुंपण दीड-दोन मीटर उंच राखलं तर नुकसान त्या पट्टीपुरतंच राहतं. मुळांसाठी कुंपणापासून एक मीटरवर ३० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल चर काढा आणि दर दोन वर्षांनी तो पुन्हा उकरा. शेताकडे येणारी मुळं तिथेच तुटतात. उंच झाडं उत्तरेच्या बांधावर ठेवा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे त्या झाडांची सावली तुमच्या रब्बीवर पडत नाही. मात्र ती शेजाऱ्याच्या शेतात पडते, म्हणून त्याच्याशी आधी बोला. लावण्याआधी हद्दीची मोजणी झालेली असेल तर पुढचे वाद टळतात.

आता वारा. कुंपणाच्या उंचीच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी होतो. दोन मीटरचं कुंपण म्हणजे २० मीटरची पट्टी. पण कुंपणातून थोडा वारा आरपार जायला हवा. भिंतीसारखं गच्च केलं तर वारा वरून उसळून पलीकडे भोवरा करतो आणि पीक आडवं पडतं. जळगावकडे केळीच्या कडेने शेवरी लावतात ती उन्हाळ्यातला तापलेला वारा अडवायलाच.

किडींबाबत हुमणी, म्हणजे पिकाची मुळं खाणारी जमिनीतली अळी, हे खरं प्रकरण आहे. पहिल्या वळवानंतर संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि बाभूळ, कडुनिंब, बोर यांच्या पाल्यावर बसतात. तिथे पाला खातात, मीलन होतं आणि पहाटेपूर्वी माद्या अंडी घालायला जमिनीत परततात. बांधावर ही झाडं असतील तर भुंगेरे तिथे येणार. पण त्यामुळेच ते सापडतातही. झाडाखाली ताडपत्री अंथरा, रात्री आठ-नऊच्या दरम्यान काठीला आकडा लावून फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. पहिल्या पावसापासून दोन-तीन आठवडे रोज करा. एकट्याने करून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी केलं तर फरक दिसतो. झाडं तोडली तरी हुमणी थांबत नाही, भुंगेरे पुढच्या बांधावर जातात. तुमची पकडायची जागा तेवढी जाते.

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही मोजा. वांग्याच्या फुलातला पराग मोकळा व्हायला फूल थरथरवणारी माशी लागते. ते काम पेटीतली मधमाशी करत नाही. लाकडात भोक पाडून राहणारा काळा भुंगा आणि जमिनीत बीळ करणाऱ्या एकट्या माशा करतात. या माशांना बांधाची न नांगरलेली माती आणि वाळलेल्या पोकळ काड्या लागतात. तुरीच्या फुलांवर येणारी पानकापी माशी कुंपणाच्या पानांचे गोल तुकडे कापून घरटं करते. पान गोल कापलेलं दिसलं की रोग समजून फवारणी केली जाते, ती करू नका. सातभाई, भारद्वाज आणि वटवट्या दिवसभर बांधालगतच्या पिकात अळ्या, नाकतोडे वेचतात. मावा खाणारे चित्रांग भुंगेरे बांधावरच्या झुडपांत दडून राहतात आणि पीक उभं राहिलं की त्यावर उतरतात. म्हणून पिकावर फवारताना बांधाकडेची शेवटची एक फेरी सोडा.

प्रश्न : शेतातल्या घराभोवती कुंपण दाट झालं आहे. लहान मुलं आहेत. साप येतील या भीतीने कापून टाकावं का?

साप कुंपणासाठी येत नाही, उंदरांसाठी येतो. घोणस आणि नाग धान्याभोवतीच्या उंदरांचा माग काढत घरापर्यंत येतात. घराभोवती दहा फुटांची पट्टी गवत, विटा, सरपण आणि भंगार यांपासून मोकळी ठेवा. कुंपण त्या पट्टीच्या पलीकडे राहू द्या. उष्टं-खरकटं, कोंबड्यांचं खाद्य, उघडी कणगी यांचा बंदोबस्त हा खरा इलाज. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

कुंपणाच्या बुडाशी काम करताना आधी लांब काठीने पाला हलवा, मग हात घाला. पायात गमबूट हवेत. घोणस पळत नाही, वेटोळं करून जागीच फूत्कारते, त्यामुळे बुडाशी हात घालणाऱ्यालाच ती चावते. दंश झालाच तर कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय हलणार नाही असा ठेवा, १०८ ला फोन करा आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, म्हणून साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : छाटणी कधी करावी? आमच्या सोसायटीत कोयनेलचं कुंपण माळी दर महिन्याला कापतो आणि जुलैमध्ये त्यातून बुलबुलाची पिल्लं खाली पडली. (पुणे)

बुलबुल फेब्रुवारीपासून पावसाळा संपेपर्यंत घरटी करतात. शिंपी आणि वटवट्या यांची मोठी गडबड पावसाळ्यात असते. म्हणून मुख्य छाटणी नोव्हेंबर ते जानेवारी या काळात घ्या. पावसाळ्यात वाटेवर आलेल्या फांद्या तेवढ्या हाताने, कात्रीने काढा, तेही आत पाहून. घरटं सापडलं तर दोन्ही बाजूंनी मीटरभर जागेला महिनाभर हात लावू नका. अंड्यांपासून पिल्लू उडेपर्यंत बुलबुलाला साधारण चार आठवडे लागतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत येतं. सोसायटीच्या बैठकीत हे सांगा, माळ्याला दोष देऊ नका. त्याला दर महिन्याला कापायला कुणीतरी सांगितलेलं असतं.

आकार कसा ठेवायचा तेही महत्त्वाचं. वर रुंद आणि खाली अरुंद कापलेलं कुंपण खालून वाळतं, कारण बुडाला ऊन मिळत नाही. बुड सव्वा मीटर असेल तर माथा पाऊण मीटर ठेवा. शेतातल्या कुंपणाचा दर वर्षी फक्त तिसरा हिस्सा छाटा. करवंद जानेवारीनंतर फुलतं. सगळं एकदम छाटलंत तर त्या वर्षीची करवंदं तुम्हालाही नाहीत आणि पाखरांनाही नाहीत.

बांधावर खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी झाडं असतील तर ती बुडातून तोडण्याआधी परवानगी लागते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ती आहेत.

प्रश्न : बांध घाणेरीने भरला आहे. कापली की दुप्पट येते. फुलपाखरं तर तिच्यावर खूप दिसतात, मग काढावी का?

काढावी. फुलपाखरं मध प्यायला येतात, पण त्यांचे सुरवंट तिच्यावर वाढत नाहीत. तिच्या गच्च सावलीत गवत आणि देशी झुडपांची रोपं उगवत नाहीत. जनावरांनी पाला खाल्ला तर कावीळ होते आणि उन्हात कातडी सोलवटते.

कापली की ती खोडाच्या बुडातून फुटते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू यांनी रूढ केलेली पद्धत सोपी आणि खात्रीची आहे: जमिनीखाली तीन ते पाच सेंमीवर मुख्य मूळ कुदळीने तोडायचं. फूट येते ती खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीतून. ती गाठ झाडासोबत वर आली की खालच्या मुळातून पुन्हा काही येत नाही. उपटलेलं झाड मुळं वर करून उलटं ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. फळं काळी व्हायच्या आत हे करा. ती मोकळी जागा त्याच पावसाळ्यात गवत, निर्गुडी, तरवड यांनी भरा. पुढची दोन-तीन वर्षं पाखरं बसतात त्या झाडांखाली पावसाळ्यात फेरी मारा, कारण बुलबुलांच्या विष्ठेतून बी तिथेच पडतं. वीतभर रोप हाताने उपटतं.

घाणेरीत घरटी असू शकतात, म्हणून सगळा बांध एकाच वर्षी मोकळा करू नका.

प्रश्न : रानडुकरं करवंदाच्या कुंपणाने थांबतील का? (चिपळूण)

पहिली तीन वर्षं नाही. नंतरही बुडाशी जिथे फट असेल तिथे डुक्कर नाक घालून वाट करतं. बाहेरून सागरगोट्याची ओळ लावली तर पुष्कळ अडतं, कारण त्याचे आकड्यासारखे काटे कातडीत रुततात. त्याचं बी फार टणक असतं. दगडावर एका बाजूने आतला पांढरा भाग दिसेपर्यंत घासा, २४ तास पाण्यात भिजवा, मग पेरा. दीड-दोन मीटरला एक पुरे. तो सैरावैरा पसरतो, दर वर्षी आवरावा लागतो, आणि मोठ्या बागेलाच तो शोभतो. तारेत वीज सोडण्याचा विचारही नको. त्याने माणसं मेली आहेत आणि तो गुन्हा आहे.

प्रश्न : मार्चमध्ये धुरा जाळला की गवत चांगलं फुटतं असं सगळे म्हणतात. खरं का? (वाशीम जिल्हा)

राखेमुळे पहिली फूट हिरवी आणि जोमदार दिसते, एवढंच. दर वर्षी जाळलेल्या धुऱ्यावर गुरांना आवडणारी गवतं हळूहळू कमी होतात आणि आगीला न जुमानणारी, चरबट गवतं उरतात. मार्च-एप्रिल हे तित्तिराचे जमिनीवर अंडी घालण्याचे दिवस. झुडपाच्या बुडाशी गवतात केलेलं घरटं आगीतून वाचत नाही, सशाची पिल्लंही नाहीत. बोरीची कोवळी फूट मरते, आणि पहिला पाऊस उघड्या धुऱ्यावरची माती घेऊन जातो. गवत जास्त झालं असेल तर डिसेंबरमध्ये विळ्याने कापून गुरांना घाला किंवा कुंपणाच्या बुडाशी आच्छादन म्हणून टाका. विडी-काडीची आग शेजारून येण्याची भीती असेल तर धुऱ्यापासून दोन-तीन मीटरवर नांगराची एक पाळी घाला.

प्रश्न : जुन्या कुंपणात तीन-चार फुटांच्या फटी पडल्या आहेत. नवी रोपं लावतो, पण ती जगत नाहीत.

दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांची मुळं नव्या रोपांचं पाणी आणि खत ओढून घेतात, वरून सावलीही आहे. फटीतली माती ६० सेंमी खोल खणा, आलेली जुनी मुळं तोडा, नवी माती आणि शेणखत भरा, शेजारच्या झाडांच्या फटीकडे झुकलेल्या फांद्या छाटा आणि मग मोठं, दोन वर्षांचं रोप लावा. शेजारी निर्गुडी असेल तर रोपही नको. तिची खालची लवचीक फांदी जूनमध्ये फटीकडे वाकवा, जमिनीला टेकेल तिथे खालच्या बाजूने साल थोडी खरवडा, चार बोटं मातीत दाबून वर दगड ठेवा आणि शेंडा बाहेर राहू द्या. पावसाळाभर ती जुन्या झाडाचं अन्न घेत मुळं धरते. पुढच्या जूनमध्ये हलवून पाहा. घट्ट बसली असेल तर जुन्या झाडापासून तोडा.